खारपाणपट्ट्यातली हायड्रेंजिया

७ जून, रविवार, सकाळ. ठिकाण: संग्रामपूर, चंद्रकलाकाकूंच्या घराची उत्तरेकडची पडवी. हजर: चंद्रकलाकाकू, पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा नितीन, आमच्या रोपवाटिकेतले युनूसभाई, मी, आणि भिंतीशी मातीच्या कुंडीत उभी असलेली एक हायड्रेंजिया. शेवटचं नाव सगळ्यांत महत्त्वाचं. ती जिवंत आहे की नाही हे बघायला आम्ही बाकीचे जमलो होतो, आणि काकू इथून पुढे संग्रामपुरात राहणार की पुण्यात, हे त्यावर ठरणार होतं.

आधी हजेरी मांडायची, मग कामाला लागायचं, ही माझी सवय. बुलढाण्यात माझी रोपवाटिका आहे आणि रोपवाटिका आठवणीवर चालत नाही, याद्यांवर चालते. कुठल्या वाफ्याला खत कधी दिलं, कोणतं कलम कुणाकडे गेलं, कोण 'उद्या येतो' सांगून गेलं, सगळं लिहिलेलं असतं. युनूसभाई म्हणतात, "ताई, तुम्ही सपनात बी रकाने पाडत असान." युनूसभाई पहिल्या वर्षापासून माझ्याबरोबर आहेत. कलम बांधावं तर त्यांनी, आणि माझ्याशी वाद घालावा तोही त्यांनीच.

ज्यांनी हायड्रेंजिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. गुडघा-कंबरेएवढं झुडूप, हाताच्या पंजाएवढी कातरलेल्या काठांची पानं आणि शेंड्यावर शेकडो लहान फुलांचा मिळून झालेला एक मोठा गोल गुच्छ. आमच्याकडे लोक त्याला सरळ 'कोबीचं फूल' म्हणतात. झाड मूळचं थंड, पावसाळी मुलखातलं. बुलढाणा घाटावर आहे, उन्हाळ्यातही रात्री बरी असते, म्हणून इथं ते जमतं. पण नखरे पुष्कळ. सकाळचं ऊन हवं, दुपारचं नको. माती ओली हवी, चिखल नको. आणि पाण्यात चुना अजिबात नको. आपली काळी माती नि बोअरचं पाणी दोन्ही चुन्याचं, त्यामुळे पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात.

रंगाचीही एक गंमत आहे. माती आंबट असेल तर फूल निळं, चुनखडीची असेल तर तेच झाड गुलाबी फुलतं. डोणगावचे एक धान्याचे व्यापारी निळी म्हणून कुंडी घेऊन गेले आणि पुढच्या वर्षी जीपमध्ये घालून परत घेऊन आले.

"निळी घेतली होती, गुलाबी निघाली. बदलून द्या."

"शेठ, झाड तेच आहे. तुमचं पाणी बोलतंय."

"मंग पाण्याले सांगा गप राहाले."

मी त्यांना पाण्यात चिमूटभर तुरटी विरघळवून घालायला सांगितलं. आता त्यांची हायड्रेंजिया धड निळी नाही, धड गुलाबी नाही, जांभळी फुलते, आणि ही आपण स्वतः तयार केलेली जात आहे असं ते पाहुण्यांना सांगतात. मी खोडून काढत नाही. पिंपळगाव राजाच्या एका गुरुजींनी दसऱ्यानंतर गुलाबांबरोबर हायड्रेंजियाही बुडाशी छाटली आणि वर्षभर फुलाची वाट बघितली. हायड्रेंजिया गेल्या वर्षीच्या फांदीवर फुलते. ती फांदीच छाटली की पुढचं फूलही गेलं.

असे अनुभव आल्यावर मी एक नियम केला. हायड्रेंजिया मागणाऱ्याला आधी प्रश्न विचारायचे: सकाळचं ऊन कुठून येतं, दुपारी सावली कशाची, पाणी कुठलं, मे महिन्यात पाणी कोण घालणार, शेजारच्या भिंतीला चुना कधी लावता. उत्तरं पटली नाहीत तर मोगरा देते. गिऱ्हाइकाला झाड नाकारणारी रोपवाटिका म्हणून आमची थोडी बदनामी आहे. मला ती चालते.

चंद्रकलाकाकू पहिल्यांदा आल्या त्या मागच्या श्रावणात. साठी ओलांडलेल्या, काटक, हातात कापडी पिशवी.

"ते कोबीवानी फूल असते ना, त्याचं झाड द्या."

"घर कुठं आहे, काकू?"

"संग्रामपूर."

युनूसभाईंनी हातातली पाण्याची नळी बाजूला ठेवली. संग्रामपूर घाटाखाली, तेही खारपाणपट्ट्यात. तिथलं जमिनीतलं पाणी मिठाचं, आणि उन्हाळा असा की लोखंडी फाटकाला दुपारी हात लावता येत नाही.

"काकू," ते म्हणाले, "हे झाड संग्रामपूरले नेनं म्हंजे कुल्फी घेऊन एसटीत बसनं. पोहोचेपर्यंत नुसती काडी राह्यते."

"तुमचं काम काडी इकाचं हाये का गोष्टी इकाचं?"

मी मोगरा दाखवला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. स्टुलावर बसून त्यांनी शर्तीची गोष्ट सांगितली. काकूंचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले. सातपुड्याच्या पायथ्याला त्यांची संत्र्याची बाग आहे. ती काकू स्वतः बघतात, एका गड्याच्या मदतीनं. मुलगा नितीन पुण्यात नोकरीला. दर खेपेला तो म्हणतो, आई, बाग ठोक्यानं कसायला दे आणि इकडं ये, त्या खारट गावात काय ठेवलंय. या वेळी काकू पुण्याला गेल्या तेव्हा त्याच्या गॅलरीत हायड्रेंजिया फुललेली होती. काकू म्हणाल्या, मी एक घेऊन जाते. नितीन हसला. म्हणाला, "हे झाड तिकडं एक उन्हाळा काढून दाखव. मृग लागेपर्यंत जगलं तर मी पुण्याचं नाव काढणार नाही. मेलं तर तू सामान बांधायचं." काकूंनी सुनेसमोर हो म्हटलं.

"अहो काकू, तो गमतीत म्हणाला असेल."

"त्यानं गमतीत म्हटलं. म्या नाई."

तरीही मी झाड दिलं नाही. एका झाडावर माणसाचं घर टांगायचं हे मला बरं वाटेना. काकू जाताना एवढंच म्हणाल्या, "तुमचे सवाल लिहून द्या मले." मी दिले लिहून.

पुढच्या आठवड्यात त्या उत्तरं घेऊन आल्या. सकाळचं ऊन पडवीच्या पूर्वेच्या तोंडातून येतं. दुपारी कडुनिंबाची सावली. भिंतीला चुना नाही, सिमेंट आहे. पाणी घालणार त्या स्वतः. आणि पाणी कुठलं, याला उत्तर म्हणून त्यांनी पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. एक गावातल्या हापशीची. मी एक थेंब जिभेवर ठेवला आणि थुंकला. दुसरी डोंगराकडच्या बागेतल्या विहिरीची. ते पाणी गोडं होतं.

"हे रोज घरी येते. गडी फटफटीवर कॅन घेऊन येते, प्यायले. त्यातलंच देईन याले."

मी 'पाणी' या शब्दापुढे 'बागेची विहीर, गोडं' असं लिहिलं आणि बरोबरची खूण केली. युनूसभाईंनी सगळ्यांत दणकट कुंडी निवडून दिली, पानांवरून हात फिरवला आणि झाडाला म्हणाले, "जा बे बाबू. नाव राखजो आमचं."

विकलेल्या प्रत्येक हायड्रेंजियामागे महिन्यातून एक फोन, हा माझा रिवाज. जानेवारीत काकूंना फोन केला.

"कशी आहे?"

"बेस. पानं गळून राह्यली."

"हिवाळ्यात थोडी गळतात. पाणी किती देताय?"

"बंद केलं ना. ताण देऊन राह्यली."

मी खुर्चीवरून उठलेच. संत्र्याच्या मुलखात 'ताण' हा रोजचा शब्द आहे. डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडतात. झाड तहानतं, पानं मलूल होतात, काही गळतात. मग खत घालून पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून येतं. काकू जन्मभर हेच करत आल्या, आणि बागेला ताण दिला त्याच दिवशी त्यांनी पडवीतल्या कुंडीलाही दिला. कुणा पुणेकराच्या हातून ही चूक झाली नसती. पण हायड्रेंजियाएवढं तहानलेलं झाड माझ्या सगळ्या रोपवाटिकेत दुसरं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पिकअप काढून संग्रामपूर गाठलं. पडवीत कुंडी होती आणि कुंडीत चार तपकिरी काड्या.

युनूसभाई म्हणाले, "काकू, हे संत्रा नोहे."

"झाड तं हाये ना बाप्पा. तहान लागल्याबिगर झाड फुलते का?"

"हे झाड तहान लागली का मरते."

मी नखानं एका काडीची साल खरवडली. आत कोरडं, मातकट. दुसरी तशीच. तिसरीची खरवडली तेव्हा आत हिरवा ओला धागा दिसला. चौथीतही. आणि दोन्हींच्या शेंड्यांवर फुगीर कळे होते, फुलाचे असतात तसे. मी युनूसभाईंना म्हटलं, गाडीत घ्या, बुलढाण्याला नेऊन महिनाभरात उभी करते. त्यांनी कुंडीला हात घातला तोच काकूंनी कुंडीच्या काठावर हात ठेवला.

"इथून हालली तं शर्त मोडली. नितीनले काय सांगू, दवाखान्यात भरती केली होती म्हनून?"

त्यांचं बरोबर होतं. मग जे काय करायचं ते तिथंच. कोरड्या काड्या छाटल्या. मोठी कुंडी मागवून तिच्यात ही कुंडी ठेवली आणि मधल्या पोकळीत वाळू भरली. ही वाळू ओली ठेवायची, म्हणजे आतली माती तापत नाही. एकदम पाणी ओतायचं नाही, सकाळ-संध्याकाळ पेलाभर. जमिनीवर सुकलेला पालापाचोळा होता, तो कुंडीत वरून अंथरला. काकूंनी सगळं दोनदा विचारून घेतलं. ताणाची चूक झाली असं मात्र त्यांनी कबूल केलं नाही.

फेब्रुवारीत पानं फुटली. मार्च संपता संपता एका शेंड्यावर फिकट गुलाबी गुच्छ आला, लहान, मोसंबीएवढा. काकूंकडून आलेला फोटो मी फोनवर युनूसभाईंना दाखवला तेव्हा त्यांनी तो बोटांनी मोठा करून बघितला. मग म्हणाले, "नशीब हाये." काकूंचं म्हणणं, ताणाचा गुण. मला अजून ठरवता आलेलं नाही. हायड्रेंजियाला फुलण्याआधी थंडीत विश्रांती लागते हे खरं, आणि घाटाखाली ती सहजी मिळत नाही हेही खरं. कदाचित त्या तहानेनं झाडाला जबरदस्तीनं झोपवलं असेल. पण मी हा उपाय कुणाला सांगणार नाही. चारातल्या दोन काड्या मेल्याच होत्या.

गल्लीतल्या बाया फूल बघायला येऊ लागल्या.

"कागदाचं हाये का व?"

"हात लावून पाह्य. पन धुऊन लाव."

खारपाणपट्ट्यात हायड्रेंजिया फुलली हे ऐकून माझ्याकडे येणारी गिऱ्हाइकं चौकशी करू लागली. मी तो फोटो छापून रोपवाटिकेच्या टेबलाच्या काचेखाली ठेवला. आणि त्याच आठवड्यात काकूंना फोन करून सांगितलं की फूल कापा.

मग कारणही सांगितलं.

"काकू, गुच्छ पानांपेक्षा जास्त पाणी ओढतो. झाड अशक्त आहे, पुढं मे आहे. दोन्ही टिकणार नाही."

"शर्त झाडाची हाये," त्या हळू म्हणाल्या. "फुलाची नाई."

त्यांनी ते स्वतः कापलं आणि लोट्यात पाणी घालून देवापुढे ठेवलं. योग्य तेच सांगितलं मी, आजही तेच सांगेन. पण ते फूल प्रत्यक्ष बघायला आपण दोन दिवस आधी गेलो नाही, ही रुखरुख आहे.

मे महिना आम्ही फोनवर काढला. भर दुपारी हायड्रेंजिया पानं लोंबवते. ती तहानेनं नाही, उन्हाच्या धगीनं. तेव्हा पाणी घालत सुटलं तर मुळं कुजतात. संध्याकाळी उभी राहिली तर ठीक, नाही राहिली तर पाणी. हे मी काकूंना सांगितलं, तरी दुपारी फोन यायचाच.

"मान टाकली."

"संध्याकाळी सांगा."

संध्याकाळी पुन्हा फोन.

"उठली."

एवढंच संभाषण. त्यांनी पडवीला ओल्या पोत्यांचे पडदे बांधले होते. वाळू ओली ठेवायला हापशीचं पाणी चालणार नाही, मीठ आत उतरेल, हे मी बजावलं होतं. वाळूलाही विहिरीचंच पाणी. "पुरतं ना?" असं मी एकदा विचारलं. "पुरवतो," त्या म्हणाल्या. मी खूण केली.

आणि मग ७ जून.

नितीन मोकळा, हसरा मुलगा. त्यानं आधी पान चुरगाळून वास घेतला. "प्लास्टिकची तर नाही ना?" मग मातीत बोट घातलं, खोड हलवून बघितलं, खालून नवीन फुटलेला धुमारा त्यानंच शोधून काढला. सहा-सात जोड्या पानं, काठांना थोडी करपलेली, पण गडद हिरवी. युनूसभाई शेजारी हाताची घडी घालून उभे होते, परीक्षकासारखे.

"हरलो," नितीन म्हणाला. "मान्य. माझी पुण्याची तर फेब्रुवारीतच गेली."

काकूंनी पदर सारखा केला फक्त. मला विचाराल तर इतक्या वर्षांच्या धंद्यात मला त्या क्षणाएवढा अभिमान क्वचित वाटला असेल. घाटाखाली, त्या पाण्याच्या गावात, त्या उन्हात ती उभी होती, आणि माझ्या रोपवाटिकेची होती.

नितीन पाणी प्यायला आत गेला. परत आला तो पेला हातात घेऊनच. पेला तसाच भरलेला होता.

"आई, माठातलं पाणी कुठलं आहे?"

"हापशीचं."

"आणि विहिरीचं?"

काकूंनी कुंडीकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं.

"विहीर खाली गेली," त्या म्हणाल्या. "दिवसाआड कॅन येते. याचं याले पुरते."

नितीन आतापर्यंत पुण्याचं मराठी बोलत होता. ते सुटलं. "आन् तू? काऊन पिऊन राह्यली तू हे? कधीपासून?"

"लगनाच्या आधीपासून पिलं म्या हे पानी. महिनाभरानं काही होत नाई."

"म्या झाडाची शर्त लावली होती. तुई नाई लावली. चाल, गाडीत बस."

"शर्त जितली म्या."

"तेच तं. जितली कशी ते दिसलं ना."

युनूसभाई मध्ये पडले, "नितीनभाऊ, शर्त म्हंजे जबान असते," आणि नितीननं तो पेला त्यांच्यापुढे धरला. "प्या चाचा. एक घोट घ्या, मंग सांगा." युनूसभाईंनी खरंच घोट घेतला, कसाबसा गिळला आणि पेला परत केला.

मी त्या पडवीत उभी होते आणि मला माझे प्रश्न आठवत होते. झाडाला कुठलं पाणी देणार हे मी विचारलं होतं. मग घरात काय पिणार, हे विचारलं नव्हतं. आता तो प्रश्न यादीत सगळ्यांत वर आहे. पण त्या सकाळी त्याचा उपयोग नव्हता. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या आणि नितीन गाडीची किल्ली मुठीत धरून. मी वर बघितलं. लांबरुंद टिनाचं छप्पर, दोन्हीकडे उतार.

"नितीन, या छपरावरचं पावसाचं पाणी जातं कुठं?"

"गटारीत. दुसरीकडं कुठं जाईल?"

मग मी त्याला आमच्या रोपवाटिकेचा हिशोब सांगितला. हायड्रेंजियाला आम्ही बोअरचं पाणी लावत नाही. शेडच्या टिनावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून टाकीत उतरवतो. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, टिन धुऊन निघतं. पुढचं वाळू-कोळशाच्या गाळणीतून आत घ्यायचं. टाकी झाकलेली, उजेड जाऊ द्यायचा नाही. त्या पाण्यावर आमची झाडं जून ते जून निघतात, आणि आम्ही दोघं दुपारचा चहाही त्याच पाण्याचा पितो.

"तुमच्या झाडांना जे मिळतं ते माझ्या आईला मिळत नाही," नितीन म्हणाला.

"मिळू शकतं. छप्पर तर आहेच."

त्यानं छपराकडे बघितलं. मग किल्ली खिशात टाकली, मोबाइल काढला आणि पावलांनी पडवी मोजायला लागला. काकू संशयानं त्याच्या मागे मागे.

"आता टाकीची शर्त लावतं का?"

"शर्त नाही, आई. काम."

त्या दिवशी पुण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. निघण्याआधी नितीननं पाऊस लागेपर्यंत रोज दोन कॅन, विहिरीतून नाही जमलं तर विकत, आणायचं गड्याकडून कबूल करवून घेतलं. माठातलं पाणी त्यानं स्वतः ओतून दिलं, अंगणात, झाडापासून लांब.

हे लिहिते आहे तोवर टाकी आली आहे, ओट्यावर बसली आहे. गाळणी युनूसभाईंनी भरली, आणि त्यांनी भरली असल्यामुळे तिच्यात मला काही सुधारायला ठेवलं नाही. पुढच्या उताराची पन्हळ लागली, तिच्यातलं पाणी टाकीत उतरतं आणि काकू तेच पितात. फोनवर त्या म्हणाल्या, "फिकं लागते. सवय होईल."

मागच्या उताराची पन्हळ अजून राहिली आहे. तिथले वासे जाड, संग्रामपुरात त्या मापाचे क्लॅम्प मिळाले नाहीत. बुलढाण्यात मिळाले, ते पिकअपमध्ये सीटखाली ठेवलेले आहेत. निम्मं छप्पर अजून गटारीत वाहून चाललं आहे.